किहोते कोल्हापुरात आला तर : पात्राचा काळ बदलणे म्हणजे काय

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने एकांकिका स्पर्धेसाठी लिहिलेला पहिला खर्डा मला वाचायला दिला. तिने नाटककार इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकातल्या नोराला, म्हणजे १८७९ मधल्या नॉर्वेतील एका गृहिणीला, उचलून आजच्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आणले होते. नोराच्या हातात स्मार्टफोन होता, नवरा मूळ नाटकातल्याप्रमाणे बँकेत मॅनेजर होता आणि दिवाणखान्यात नाताळच्या झाडाच्या जागी आकाशकंदील लागला होता. संवाद चुरचुरीत होते. तरीही तिसऱ्या पानावर मी अडलो, कारण या नोराने नवऱ्यापासून लपवून कर्ज का काढले आणि त्यासाठी खोटी सही का केली, याचे उत्तर खर्ड्यात कुठेच नव्हते. "मामा, घर बदललं, फोन दिला, दिवाळी घातली. आता आणि काय बदलायचं राहिलंय?" असे तिने जरा वैतागूनच विचारले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, ते येथे सविस्तर देतो.

मूळ नाटकातला पेच आधी पाहू. नोराचा नवरा आजारी आहे, हवापालटासाठी त्याला इटलीला नेले नाही तर तो वाचणार नाही, आणि घरात पैसा नाही. त्या काळच्या तिथल्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही, आणि कर्ज काढणे नवऱ्याला मानवणारे नाही. म्हणून ती वडिलांच्या हमीवर पैसे उचलते, पण वडील स्वतःच मरणाच्या दारात असल्यामुळे त्यांची सही तीच करते. घाईत एक चूक होते. सहीखालची तारीख वडिलांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांची पडते. पुढचे सारे नाटक या तीन दिवसांच्या फरकावर उभे आहे.

आज राजारामपुरीत राहणाऱ्या बाईला कर्ज काढण्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. कायद्याने बंद केलेले ते दार उघडले, की नोराची सगळी गोष्ट त्या उघड्या दारातून बाहेर निघून जाते आणि मागे उरते ती उगाच लपवाछपवी करणारी, थोडी बालिश वाटणारी एक बाई. भाचीच्या खर्ड्यात नेमके हेच झाले होते. तिने नोराच्या भोवतीच्या वस्तू बदलल्या होत्या, परंतु नोराला अडवणारी गोष्ट १८७९ मध्येच राहून गेली होती.

कथेच्या दृष्टीने काळ म्हणजे पोशाख, वाहने आणि दिवे नव्हेत. हे सारे दिसते म्हणून आपण त्याला काळ म्हणतो. एखाद्या माणसाला त्याच्या काळात काय करता येत नाही, कोणाला विचारल्याशिवाय करता येत नाही, केलेच तर काय गमवावे लागते आणि केलेले किती दिवस लपून राहू शकते, या चार-पाच गोष्टींची बेरीज म्हणजे कथेतला काळ. पात्राची इच्छा बहुधा जुनीच राहते. नवऱ्याला वाचवावे, मान मिळावा, सूड घ्यावा, घर सुटावे, या इच्छा कोणत्याही शतकात चालतात. बदलते ते इच्छेच्या आड येणारे. म्हणून पात्र एका काळातून दुसऱ्या काळात न्यायचे असेल, तर पहिल्या काळातल्या अडथळ्याच्या तोलाचा अडथळा दुसऱ्या काळाच्या स्वतःच्या मातीतून शोधावा लागतो. तो मिळाला नाही, तर ते पात्र त्या काळात जात नाही असे सरळ मान्य करावे.

नोराच्या बाबतीत तो मिळाला, आणि कोल्हापुरातच मिळाला. इथे ज्याने कधी पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज भरला आहे, त्याला ठाऊक आहे की अर्जदाराच्या सहीपेक्षा जामीनदाराच्या सहीसाठी जास्त वणवण करावी लागते. जामीनदार म्हणून दीर, चुलत सासरे किंवा नवऱ्याच्या तालमीतला मित्र यांच्याकडे गेले, तर संध्याकाळच्या आत बातमी नवऱ्याच्या कानावर जाणार. म्हणजे कायदा आता आडवा येत नसला, तरी ओळखीपाळखीचे जाळे येतेच. अशा वेळी अर्जावरच्या जामीनदाराच्या रकान्यात बाई आपल्या वडिलांचे नाव लिहून स्वतःच सही ठोकते, आणि अर्जाची तारीख वडील गेल्यानंतरची, त्यांच्या दिवसांच्या आदल्या आठवड्यातली असते. आता मोबाइल असला काय, नसला काय, गोष्ट पुन्हा उभी राहते. वडिलांच्या नंबरवर येणारा ओटीपी तिच्याच पर्समधल्या जुन्या फोनवर वाजतो, हा प्रसंग भाचीचा स्वतःचा आहे आणि तो मला मूळ नाटकातल्या तारखेइतकाच पसंत पडला.

हे तंत्र आधुनिक आहे असे समजण्याचे कारण नाही. महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात अंगठीही नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, पण भर सभेत ओळख नाकारतो, आणि शेवटी आकाशवाणी झाल्यावर तिचा स्वीकार करतो. लोकांना पटावे म्हणून आपण असे वागलो, असा त्याचा खुलासा आहे. कालिदासाने कित्येक शतकांनंतर हीच गोष्ट हाती घेतली, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांना जाणूनबुजून खोटे बोलणारा राजा नायक म्हणून चालणारा नव्हता. म्हणून त्याने विस्मरणाचा शाप घातला, ओळखीची खूण म्हणून अंगठी घातली, ती माशाच्या पोटात घालवली आणि कोळ्याच्या हाती परत आणली. शकुंतलेचे दुःख त्याने जसेच्या तसे ठेवले. बदलले ते दुःखाचे कारण, कारण राजाने कसे असावे याविषयीची अपेक्षा बदलली होती. पुढे १८८३ मध्ये आगरकरांनी हॅम्लेटला 'विकारविलसित' करून आणि १८९० मध्ये देवलांनी ऑथेल्लोला 'झुंझारराव' करून मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यापुढेही असाच प्रश्न असणार. नाव बदलणे सोपे असते. त्या नावाच्या माणसाला इथे कोण अडवील, हे ठरवणे कठीण.

कधी कधी इतिहासच लेखकाला आयती मदत करतो. शेरलॉक होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन १८८७ च्या पहिल्या कथेत अफगाणिस्तानच्या युद्धातून जखमी होऊन लंडनला परततो. ब्रिटिश दूरचित्रवाणीने २०१० मध्ये होम्सला आजच्या लंडनमध्ये आणले, तेव्हा वॉटसनला पुन्हा अफगाणिस्तानातूनच परत आणता आले, कारण मधल्या सव्वाशे वर्षांत इंग्रज सैन्य पुन्हा तिथेच जाऊन बसले होते. असे भाग्य फार थोड्या पात्रांच्या वाट्याला येते. बाकीच्यांसाठी घाम गाळावा लागतो, आणि तो कसा गाळायचा हे दाखवण्यासाठी मी येथे सर्वांत अवघड वाटणारे पात्र घेतो.

ते पात्र म्हणजे स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसच्या कादंबरीचा नायक डॉन किहोते. या कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये निघाला. पन्नाशीला टेकलेला, खेड्यात राहणारा एक किरकोळ खानदानी गृहस्थ शूर सरदारांच्या कथा वाचून वाचून डोके फिरवून घेतो, पणजोबांच्या काळातले गंजके चिलखत घासून अंगावर चढवतो, मरतुकड्या घोड्यावर बसतो आणि जगातला अन्याय निवारायला बाहेर पडतो. बरोबर सांचो पांझा नावाचा शेतकरी असतो, त्याला एखादे बेट बक्षीस देऊन तिथला कारभारी करण्याचे वचन दिलेले असते. पवनचक्क्या या गृहस्थाला राक्षस वाटतात, हे कादंबरी न वाचलेल्यांनाही ठाऊक असते.

याला कोल्हापुरात आणायचे, तर कोणत्या वर्षी? मोह असा होतो, की त्याला ताराराणीच्या काळात किंवा १७३१ च्या वारणेच्या तहाच्या आसपास आणावे, म्हणजे तलवारी आणि घोडे आयतेच मिळतात. पण हे साफ चुकीचे आहे. ज्या काळात खरोखरचे शिलेदार रस्त्यावरून जातात, त्या काळात शिलेदार होऊ पाहणारा माणूस वेडा ठरत नाही, त्याला कोणीतरी पागेत ठेवून घेते. किहोतेला असा काळ हवा, ज्यात लढणाऱ्यांचे दिवस संपलेले आहेत, परंतु त्यांची आठवण घराघरांत ताजी आहे. दुसरी अट त्याहून महत्त्वाची आहे. किहोतेचे वेड छापलेल्या पुस्तकांतून आलेले आहे. छापखाना नसता, तर खेड्यातल्या मध्यम ऐपतीच्या माणसाच्या घरी इतकी पुस्तके आलीच नसती. मोडीत हाताने उतरवून घेतलेल्या बखरींच्या काळात किहोते जन्माला येत नाही.

या दोन अटी लावल्या, की तारीख आपोआप जवळ येते. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करणारी माणसे उठली, इंग्रजांनी उठाव मोडून काढला, आणि गडावरच्या चाकरीचे ते जग संपले. १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाने जुन्या बखरी छापायला सुरुवात केली, पुढे ऐतिहासिक कादंबऱ्यांचा सुकाळ झाला. म्हणजे साधारण १८५६ मध्ये भुदरगडाच्या पायथ्याशी जन्मलेला, आजोबा गडावर चाकरीला असलेला, थोडीबहुत शेती आणि मोडकळीला आलेला चौसोपी वाडा असलेला माणूस १९०६ मध्ये पन्नाशीचा होतो. त्याने छापील बखरी वाचलेल्या आहेत. आजोबांची तलवार माळ्यावर आहे. हा आपला किहोते.

सर्व्हान्टिस त्याची ओळख करून देताना आधी त्याच्या ताटात काय असते ते सांगतो आणि उत्पन्नाचा पाऊण हिस्सा जेवणावरच खर्च होत असे, अशी नोंद करतो. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. माणसाची ऐपत सांगण्याला ताटासारखे दुसरे साधन नाही. आपल्या शिलेदाराच्या ताटात रोज ज्वारीची भाकरी आणि आमटी असेल, मटण म्हाईच्या जत्रेला किंवा पाहुणा आला तर, आणि तेही पाहुण्याच्या वाटीत जास्त. परंतु वाड्याच्या पागेत एक तट्टू मात्र असेलच, कारण पागा रिकामी ठेवणे हे त्याच्या लेखी उपाशी राहण्याहून वाईट.

पवनचक्कीचा प्रश्न १९०६ नेच सोडवला. त्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणी स्थापन केली, तीच पुढे शाहू मिल म्हणून सर्वांना परिचित झाली. गिरणी कोटीतीर्थ तलावाच्या शेजारी आहे. थोडे थांबून गिरणी सुरू होऊ द्यावी, म्हणजे दोन दिवसांची वाट तुडवून आलेला शिलेदार तट्टाला पाणी पाजायला कोटीतीर्थावर उतरतो. अजून उजाडलेले नाही. तट्टाने पाण्याला तोंड लावले आहे, आणि इतक्यात गिरणीचा भोंगा होतो. तट्टू बिथरते, लगाम हातातून सुटतो, तो वर पाहतो तर अंधारात उभी असलेली चिमणी धूर सोडते आहे आणि चारी बाजूंनी माणसे मुकाट्याने तिच्याकडे चालली आहेत. आता याला तो रणशिंग समजला आणि त्या माणसांना कोणा असुराने धरून नेलेले कैदी समजला, तर त्याला हसावे की नाही, असा प्रश्न वाचकाला पडतो. पवनचक्कीच्या प्रसंगातही थोडेसे असेच आहे. धान्य दळणारे यंत्र त्याला राक्षस वाटते, हे चूक खरेच, पण ते यंत्र त्याच्या जगाचा शेवट करणाऱ्या जगातून आलेले आहे, हे काही चूक नाही.

कोल्हापूर या गोष्टीला जी देणगी देते, ती स्पेनमध्ये मिळाली नसती. किहोतेचे आदर्श सरदार केवळ पुस्तकात होते. आपला शिलेदार मात्र ज्यांच्या चरणी तलवार ठेवायला निघाला आहे, ते छत्रपती खरोखरच गादीवर आहेत, आणि ते गिरणी काढत आहेत, वसतिगृहे काढत आहेत, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेत आहेत. भूतकाळाचे वेड लागलेला माणूस ज्याला आपल्या भूतकाळाचा वारस समजतो, तोच संस्थानातला सर्वांत पुढे पाहणारा माणूस निघावा, हा विरोध मी कल्पनेने रचू शकलो नसतो. तो इतिहासाने रचून ठेवलेला आहे. महाराजांना रंगमंचावर आणण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडी आपली वाक्ये घालण्याचा धीटपणा नाटकांत फार बोकाळला आहे. शिलेदार नव्या राजवाड्याच्या देवडीपर्यंत पोहोचतो आणि महाराज धरणाच्या जागेवर गेले आहेत असे त्याला कळते, एवढे पुरे.

किहोतेची प्रेयसी डल्सिनिया इथे कोण? येथे मी बराच काळ चुकत होतो. शेजारच्या गावातली एखादी पोर शोधावी आणि तिला राजकन्या कल्पावे, असा सरळ मार्ग होता. परंतु स्त्रीच्या नावाने लढायला निघणारा सरदार हा युरोपच्या कथांचा संकेत आहे. मराठी शिलेदार धन्यासाठी लढतो, देवीसाठी लढतो, आणि उघड बोलत नसला तरी वतनासाठी लढतो. डल्सिनियाचे वैशिष्ट्य असे, की संपूर्ण कादंबरीत ती एकदाही समोर येत नाही. जिच्यासाठी सारे चालले आहे, ती कोणी पाहिलेलीच नाही. अशी इकडची वस्तू म्हणजे सनद. आपल्या घराण्याला ताराराणीच्या काळात एक गाव इनाम मिळाले होते, त्याची सनद देवघरात लाल फडक्यात बांधून ठेवलेली आहे, आणि दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडते. ती सोडून वाचण्याची हिंमत तीन पिढ्यांत कोणी केलेली नाही. स्त्री गेली आणि कागद आला. तरी पात्राचा गाभा हलला नाही, उलट पक्का झाला, असे मला वाटते.

सांचोच्या बाबतीत मात्र काळाने पात्रावर मात केली. मूळ कादंबरीत सांचोला खरोखरच एके ठिकाणचा कारभारी करतात, पण ती सरदारदरबारी मंडळींनी केलेली थट्टा असते. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी राज्य करतो आहे, हे पाहून हसायचे, एवढाच तिचा हेतू. सांचो निवाडे शहाणपणाने करतो, ही सर्व्हान्टिसची थोरवी. आता हाच प्रसंग कोल्हापुरात आणून पाहा. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानात हुकूम निघालेला आहे, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात. १९०१ पासून शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली आहेत. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द होऊन पगारी तलाठी आलेले आहेत. स्पेनमध्ये जी थट्टा होती, ती इथे सरकारी हुकूम आहे. सांचो स्वतः शिकलेला नाही, पण त्याला एक मुलगा आहे. मूळ कादंबरीतही आहे, आणि त्याला आता शाळेत घालायला हवे अशी कुरकुर त्याची आई करते. तो मुलगा १९०६ मध्ये आठ वर्षांचा धरला, तर वसतिगृहात राहून शिकतो आणि १९१८ मध्ये विसाव्या वर्षी तलाठी होतो. सांचोने बेटाच्या आशेने बारा वर्षे तट्टामागे पायपीट केली, आणि कारभार त्याच्या घरात भलत्याच वाटेने चालत आला.

इथे गोष्टीचे वर्ष बदलावे लागले. एका वर्षात ही गोष्ट मावत नाही, ती १९०६ आणि १९१८ अशा दोन भागांत सांगावी लागते. सर्व्हान्टिसच्या दोन भागांतही दहा वर्षे गेलेली आहेत, हे लक्षात आल्यावर मला उगाचच धीर आला.

बाकी काळजी घ्यायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. भाषेत एखादा शब्द आधीच्या काळात नसेल तर तो नुसता गाळून भागत नाही, त्या शब्दामागची कल्पनाच पात्राच्या डोक्यात नसते. १९०६ चा शिलेदार 'करिअर' म्हणणार नाही हे उघड आहे, पण 'मला माझ्यासाठी वेळ हवा' असेही म्हणणार नाही. पैसे रुपये, आणे, पै यांत मोजावेत. वेळ खेड्यात सूर्यावर आणि गिरणीजवळ भोंग्यावर चालावी, कारण तो फरक हाच गोष्टीचा विषय आहे. आणि आजची आपली शहाणी मते जुन्या माणसाच्या तोंडी घालण्याचा मोह टाळावा. तलाठ्याच्या नोकरीबद्दल शिलेदाराला मनातून वाईट वाटलेच पाहिजे. त्याला तसे वाटू दिले नाही, तर तो आपला लाडका म्हातारा होईल, किहोते राहणार नाही.

हे सारे मी भाचीला गेल्या रविवारी रंकाळ्यावर भेळ खाताना सांगितले. शेवट काय, असे तिने विचारले. मूळ कादंबरीत किहोते अंथरुणावर पडल्यावर शुद्धीवर येतो, सरदारांच्या कथांना शिव्या देतो आणि साध्या नावाने मरतो. आमच्या गोष्टीत शिलेदार १९१८ मध्ये अंथरुणाला खिळलेला आहे, आणि जमिनीच्या नोंदीसाठी नवा तलाठी, म्हणजे सांचोचा पोरगा, वाड्यावर आला आहे. त्याला मोडी येते. म्हातारा पहिल्यांदाच लाल फडके सोडायला सांगतो. पोरगा कागद उलगडतो. वर साल आहे, शिक्का आहे, आणि खाली इनामाचा शब्दही नाही. एका घोड्यासाठी काढलेल्या कर्जाचा तो रोखा आहे, तोही न फेडलेला.

"मग? वाचून दाखवतो का तो?" भाचीचा चमचा हवेतच राहिला होता.

मी म्हटले, पोरगा कागद दिव्याजवळ नेतो, घसा साफ करतो आणि वाचायला लागतो, एवढेच मला दिसते आहे. तो रोखा वाचतो की सनद, ते तू ठरव.

"ठरीवतो की," ती म्हणाली, "पण आधी त्या घोड्याची किंमत सांग, मामा. किती रुपये लिहू?"